दोन नाकांचा राजा

फार पूर्वी एका टांकसाळीत राजाचा चेहरा कोरलेला एक ठसा होता. आपण कधी चुकतच नाही, अशी त्याची खात्री होती. एकदा ऐरणीवरच्या कोऱ्या चकतीवर तो टेकला, हातोड्याचा पहिला घाव बसला, ठसा जरासा सरकला आणि लगेच दुसरा घाव बसला. नाण्यावर राजाला दोन नाकं उमटली.

"तू सरकलास," ऐरण म्हणाली.

"मी? चकतीच हलली!" ठसा फणकारला.

तेवढ्यात तपासनीस येऊन नाणं न्याहाळू लागला. ठशाची पाचावर धारण बसली. "साहेब, महाराजांची कीर्ती एका नाकात मावेना," तो म्हणाला.

नाही म्हणायची तपासनिसाची काय बिशाद! एका नाकाची सगळी नाणी खोटी ठरून भट्टीत गेली.

तेव्हापासून ठसा दर नाण्याला मुद्दाम सरकतो. एखादं चुकून बरोबर उमटलंच, तर ऐरणीवर खेकसतो, "हललीस ना तू?"