आठ मिनिटं

"पण थांबलास कशाला, हेरंब?"

गाडी महामार्गाच्या कडेला कडुनिंबाखाली उभी होती. मागे केवलबुवा बसले होते. पलीकडच्या गावात चार वाजता त्यांचं प्रवचन होतं, आणि त्यांना घेऊन जायचा मान हेरंबनं हट्टानं मागून घेतला होता.

"पुढेच दुसरा कॅमेरा आहे, बुवा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत चाळीस किलोमीटर. मधल्या अंतराला किती वेळ लागला, ते बघतात. अर्ध्या तासाच्या आत पोचलो, तर सापडलो."

"मग?"

"आपण बावीस मिनिटांतच आलो!" हेरंब हसला. "आठ मिनिटं इथं काढायची. कॅमेऱ्याला वाटेल, सगळी वाट शहाण्यासारखं चालवत आलो."



हेरंबनं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. काच खाली केली, वर केली. घड्याळ पाहिलं.

एकच मिनिट सरलं होतं.

"मघाशी एका बाईनं हात केला होता," बुवा म्हणाले.

"पाहिलं मी. शेजारी कुणी म्हातारा बसला होता. पण थांबायला वेळ कुठं होता, बुवा?"

बुवांनी गाडीतल्या घड्याळाकडे पाहिलं.

"म्हणजे... तेव्हा," हेरंब पुटपुटला.

बुवा उतरले. धोतर सावरून भर उन्हात आल्या वाटेनं मागे चालू लागले.

हेरंबनं दोनदा हाक मारली. मग धावला.

"बसा बुवा. गाडीनं जाऊ."

दुभाजकाला वाट होती तिथून त्यानं गाडी फिरवली.

बाई तिथंच होती. म्हातारा आता तिच्या मांडीवर आडवा झाला होता.

"मामंजींच्या छातीत कळ आलीय. कधीची हात करतेय, कुणी थांबेना..." तिनं गाडी ओळखली नाही. "देवासारखे आलात, दादा."

हेरंबला तिच्याकडे बघवेना.

म्हाताऱ्याला त्यानं उचलून मागच्या सीटवर ठेवलं. बुवांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाई पुढे बसली. दवाखाना दुसऱ्या कॅमेऱ्याच्या पलीकडे होता.

हेरंबनं किल्ली फिरवली. जोरात न्यावं, तर म्हाताऱ्याला गचके बसणार. हळू न्यावं, तर... पाय कुठं ठेवावा, तेच त्याला कळेना.

"बुवा... किती वेगानं नेऊ?"

"याचा श्वास तुला ऐकू येईल, एवढ्या."