पिवळी रेघ

एका मोटार कारखान्यात वत्सला खरमाटे ब्रेकचे बोल्ट आवळायची. बोल्ट पुरता आवळला गेला की पाना 'कट्' असा वाजायचा, तो वाजला की ती बोल्टवर पिवळी रेघ ओढायची, मगच गाडी पुढे सरकायची. तिथे प्रत्येकाचा रंग ठरलेला होता आणि पिवळा तिचा. अकरा वर्षांत तिची रेघ पान्याच्या आवाजाआधी कधी पडली नव्हती.

नवे मॅनेजर देवस्थळी आले आणि त्यांना ती रेघ खुपली. सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडी आहे की लग्नाचा मांडव? काम चोख असेल तर खूण कशाला?"

"साहेब, आवळलेला बोल्ट आणि आवळायचा राहिलेला बोल्ट दिसायला सारखेच असतात," वत्सला म्हणाली.

"म्हणजे तुमचाच तुमच्यावर भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी हुकूमच तिच्या हातात ठेवला. आजपासून रंग बंद, ऐकणार नाही त्याला घरी पाठवू. वत्सलाने तो शांतपणे वाचला आणि परत केला.

"हुकूम मान्य आहे. फक्त खालची तुमची सही तेवढी खोडून द्या."

"सही नसेल तर हुकूम कुणाचा, हे कळणार कसं?"

"साहेब, हुकूम चोख असेल तर खूण कशाला?"

देवस्थळींनी हुकूम पुन्हा एकदा सहीपर्यंत वाचला. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि उद्या एखाद्या गाडीचा ब्रेक निसटला तर?"

"रेघ असली तर लोक विचारायला माझ्याकडे येतील," वत्सला पाना उचलत म्हणाली. "नसली, तर या सहीकडे."