कपाळावरची ओली पट्टी

सरदार रायाजीराव तापलेल्या लेकीच्या उशाशी बसून तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते. तिथूनच त्यांनी कारभाऱ्याला हुकूम सोडला, "गावाबाहेरची ती पाणथळ जागा चर खणून कोरडी करून टाका. ना धड तळं, ना धड जमीन."

कारभारी चाचरला. "सरकार, दुष्काळात तिच्याच ओलीवर गावच्या विहिरी तगतात."

"सांगितलं तेवढं करा."

चिमुरड्या गोजरानं कपाळावरची पट्टी काढून वडिलांच्या हातात दिली. "आबासाहेब, आधी ही पिळून कोरडी करा. ना धड पाणी, ना धड कापड."

"वेडाबाई, ओल गेली तर ताप चढेल."

"आणि गावाला नाही चढणार?"

रायाजीरावांनी पट्टी पुन्हा भिजवली, लेकीच्या कपाळावर हलकेच ठेवली आणि मान न वळवताच म्हणाले, "कारभारी, कुदळी कोठीत ठेवा."