म्हाळसाक्काचं अनुपान

घाटाखालच्या वाटेनं अजून बैलगाडीसुद्धा गेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कासारखोरी गावात म्हाळसाक्का नावाची वैदीण राहायची. नाडीवर बोट ठेवलं की काल काय जेवलात ते सांगायची, आणि कुणाच्या घरी जेवलात तेही, असं म्हणतात. त्यामुळे गावातली निम्मी पुरुषमंडळी आजार अंगावरच काढायची.

एका श्रावणात पाटलांची सून हौसा बाळंत झाली. पहिलटकरीण होती, माहेरी जायची होती. पण नदीला असा पूर आला की नाव सुटेना, आणि बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. आठ-दहा दिवस बरे गेले, मग हौसाचं दूध आटलं.

पोर भुकेनं असं रडलं की गोठ्यातल्या बैलांनी दावी तोडली, आणि पलीकडच्या तीरावरून लोकांनी ओरडून विचारलं, "कोण गेलं हो?" असं म्हणतात.

हौसाची सासू चंद्राबाई मोठ्या शिस्तीची. तिनं अळिवाची खीर केली, शतावरी दिली, आणि घटकाघटकेला दारात येऊन विचारू लागली, "आलं का गं?" हौसा नाही म्हणून मान हलवायची. "मग नीट खा. या घरात आजवर कुणाचं दूध आटलं नाही!"

गाईचं दूध पोर थुंकून टाकी. दुसऱ्या दिवशी बाळाचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं, आणि तेव्हा घर खरं घाबरलं.

म्हाळसाक्काला बोलावलं. तिनं हौसाची नाडी पाहिली, शतावरी हुंगली आणि कोपऱ्यात बसून राहिली. तेवढ्या वेळात चंद्राबाई चार वेळा विचारून गेली. चौथ्या वेळी हौसाचे डोळे भरून आले.

"औषध बरोबर आहे पाटलीणबाई," म्हाळसाक्का म्हणाली. "अनुपान चुकलंय."

"मग कशाबरोबर देऊ? तुपाबरोबर की मधाबरोबर?"

"हसण्याबरोबर. पोरीचं मन सुकलंय, म्हणून दूध सुकलंय. आई नदीपलीकडे, आणि तुम्ही दारात पहाऱ्याला. आधी तिला पोटभर हसवा, मग औषध द्या. आणि हसवायचं तुम्हीच."

चंद्राबाईनं जन्मात कुणाला हसवलं नव्हतं. उखाणासुद्धा ती दम दिल्यासारखा घ्यायची. तिनं एका म्हशीची गंमत सांगायला घेतली, पण अर्ध्यात तिला त्या म्हशीचाच राग आला. मग हौसाच्या तळपायाला गुदगुल्या करायला गेली आणि म्हणाली, "टाचा केवढ्या भेगाळल्यात गं!"

पाळण्यात पोर कण्हलं. चंद्राबाई तडक बाहेर गेली. परत आली ती डोक्यावर पाटलांचं पगोटं, ओठावर सुंभाची मिशी आणि हातात काठी घेऊन. पोट पुढे काढून ती गरजली, "माझी काठी कुठाय? या घरात काठी जागेवर सापडेल तर शपथ!"

आणि तेवढ्यात दारात खरे पाटील उभे राहिले, बोडके, संतापलेले. "माझं पगोटं कुठाय?"

हौसा हसली. हसता हसता कळवळली, मग "आई गं" म्हणून रडायला लागली. चंद्राबाईनं तिला मिशीसकट कुशीत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. पोर छातीशी लावलं, आणि दूध आलं. दोन चोळ्या भिजल्या, गोठ्यातल्या भाकड म्हशीलाही पान्हा फुटला, असं म्हणतात. पोर पिऊन झोपलं ते थेट दुसऱ्या दिवशी उठलं. पाटील मात्र आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

म्हाळसाक्काला जाऊन कैक पिढ्या झाल्या. पण कासारखोरीत आजही बाळंतिणीच्या खोलीत रिकाम्या तोंडानं कुणी जात नाही. उंबऱ्यावर थांबायचं, तिला हसवायचं, मगच बाळाचं तोंड बघायला मिळतं. गेल्या साली जन्माची नोंद करायला नवे ग्रामसेवक आले. फार गंभीर माणूस. एकही विनोद येईना म्हणून घरच्यांनी त्यांना दोन तास ओसरीवर बसवलं. शेवटी बिचाऱ्यांनी सरकारी अर्जच पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतला.

तिसऱ्या रकान्यालाच त्यांना आत बोलावलं.