पाचवं घर

“ती बुचाखालची पोर दिसली ना, की सणाचा सगळा रंगच उतरतो बाई.”

सगुणाकाकू हे हळूच म्हणाल्या होत्या, शेजारणीच्या कानात. पण बुचाच्या झाडामागे इवली फुलं वेचत होती आणि तिला ते ऐकू गेलं. काकूंचा आवाज गोड होता. म्हणून तर ते जास्तच लागलं.

इवली म्हणजे एवढीशी मुलगी. तिचा परकर कधी काळी शेवंतीसारखा पिवळा होता. आता त्याचा रंग कोणता, हे त्या परकरालाच ठाऊक. सोनकुसुंबी गावाच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला, ते उंचच उंच बुचाचं झाड होतं. पहाटे त्याखाली पांढऱ्याशुभ्र, लांब देठांच्या फुलांचा सडा पडे. देठात देठ गुंफून, सुईदोऱ्याशिवाय, इवली त्यांच्या वेण्या करी. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे ती आपला चिमुकला तळहात पसरी. कुणी मूठभर तांदूळ देई, कुणी भाकरीचा तुकडा, आणि इवली त्यांना वेणी देई. बोलत मात्र नसे. तिची आई बांगड्यांची टोपली घेऊन डोंगरापलीकडे गेली होती. जाताना म्हणाली होती, “इथंच थांब हं बाळ. आले की आधी या झाडाखालीच बघेन तुला.” तेव्हापासून इवलीचा आवाज आतच राहिला होता, आईसाठी राखून ठेवल्यासारखा. रोज संध्याकाळी डोंगर जांभळे होत, रस्ता धूसर होई, आणि ती नुसती बघत राही.

नवरात्र बसलं आणि देवीच्या देवळापुढे सभा भरली. रामलिंगशेट हलवाई म्हणाले, रस्त्याच्या कडेला हात पसरणारे बसले की गिऱ्हाईक पलीकडून निघून जातं. गुरुजी म्हणाले, मग त्यांनी बसायचं कुठे तेही सांगा. कुणी म्हणालं, परवा एक म्हातारा गाडीखाली येता येता वाचला, तेव्हा हे त्यांच्याच भल्याचं आहे. कुणी म्हणालं, भलंच करायचंय तर जेवायला घाला. शेट आणि गुरुजी इतके भांडले, की शेवटी दोघांना एकाच तांब्यातलं पाणी प्यावं लागलं. अखेर नियम झाला. रस्त्यावर कुणीही काही मागायचं नाही, अगदी आजपासून. जे मागत होते त्यांना दसऱ्याला बैलगाडीत बसवून नदीपलीकडच्या आश्रमात न्यायचं. त्या आश्रमात दोन वेळचं जेवण होतं, ऊबदार पांघरूण होतं. सगळं होतं, फक्त बुचाचं झाड नव्हतं.

आई आली तर बघेल कुठे?

दुसऱ्या दिवशी पहाटे इवलीला एक फूल थरथरताना दिसलं. दवानं लखलखणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यात एक पिटुकली परी अडकली होती. चांदीच्या वर्खासारखे तिचे पंख, मोरपिशी झगा आणि मोहरीएवढ्या घुंगरांचे पैंजण! इवलीनं फुंकर घालत घालत एकेक धागा सोडवला आणि परीला पानावर अलगद ठेवलं.

परीनं पंख झटकले. चंदेरी भुकटी उडाली. “दोन इच्छा देते तुला,” ती किणकिणली. “पहिली मनातल्या मनात मागायची, पण दुसऱ्या कुणासाठी. ती झाली की दुसरी. ती तुझी स्वतःची. चारचौघांत, मोठ्यानं मागायची. मनात ठेवलीस तर सुकून जाईल हं.”

इवलीनं मान हलवली खरी, पण चारचौघांत, तेही मोठ्यानं! 

अष्टमी आली. नवरात्रात त्या गावच्या बायका, घर कितीही मोठं असो, हातात परडी घेऊन पाच घरी देवीच्या नावानं जोगवा मागत. सभेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगुणाकाकूंची चार घरं झाली, पाचव्या दाराला कुलूप. म्हणून त्यांनी रस्त्यातच एका ओळखीच्या बाईपुढे परडी केली. तेवढ्यात राखणदार भिवाजी हात जोडून पुढे आला.

“काकू, रस्त्यावर मागायला बंदी आहे. सभेत पहिला हात तुम्हीच वर केला होतात.”

काकू कुंकवासारख्या लाल झाल्या. कुणी बघू नये म्हणून त्या झाडाआड येऊन उभ्या राहिल्या, तर पुढ्यात इवली. “नातीला ताप आहे गं,” काकू पुटपुटल्या. “नवस बोललेय. पाच घरं लागतात, चारच झाली.”

इवलीच्या फडक्यात शेवटचे मूठभर तांदूळ होते. नियम झाल्यापासून तिनं हात पसरलाच नव्हता. तिनं झाडाच्या बुंध्यावर थोपटलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. हे माझं घर. आणि सगळे तांदूळ परडीत ओतले. मग डोळे मिटून, मनातल्या मनात, तिनं पहिली इच्छा मागितली.

काकू घरी पोचल्या, तेव्हा नात अंथरुणात उठून बसली होती आणि लाडू मागत होती.

दसऱ्याला सगळा गाव सोनं लुटायला वेशीवर आला. झेंडूच्या माळा घातलेले बैल जुंपून गाडी तयार होती. भिवाजीनं इवलीचा हात धरला, आणि सगुणाकाकू गाडीपुढे आडव्या आल्या. हिचं घर इथं आहे, मी स्वतः तिथं जोगवा मागितलाय, असं त्यांनी सर्वांना सांगितलं. मग त्या खाली वाकल्या. “बाळ, तुला काय हवंय? आम्ही कधी विचारलंच नाही.”

इवलीच्या खांद्यावर परी लुकलुकत होती. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. दुसऱ्यांदा आवाज आला, गंजलेल्या कडीसारखा. तिला आई हवी होती. आणि आई येईपर्यंत याच झाडाखाली बसायचं होतं. शेवटचे शब्द इतके मोठ्यानं आले, की बैलांनी कान टवकारले.

तशी परी उजळली. आधी मोतिया, मग सोनेरी, मग निळीशार! तिनं इवलीच्या गालाला पंख लावला, गिरकी घेतली आणि बुचाच्या फुलांत प्रकाश होऊन विरून गेली. त्या उजेडात डोंगरापर्यंतचा रस्ता लख्ख दिसला. त्या रस्त्यावरून डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई धावत येत होती. बांगड्या खळखळत होत्या.

गाडीत बसवलेले बाकीचेही खाली उतरले आणि गाडी रिकामीच परतली. तो नियम बदलायला गुरुजींनी पंचांना सभा पुन्हा भरवायला लावली. रामलिंगशेटांनी दुकानाशेजारची, बुचाच्या सावलीतली बंद खोली उघडून दिली आणि झाडूही स्वतःच मारला. आईच्या कुशीतून इवलीनं डोकं वर काढलं. सगुणाकाकू आणि गावच्या बायका डोळे पुसत उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून ती मोठ्यानं म्हणाली,

“पुढच्या नवरात्रात जोगव्याला या हं सगळ्याजणी. पाचवं घर आमचं धरा.”