टेबलावरच्या बाटल्या

एका विद्यापीठात एकदा एक पर्यावरण मंडळ स्थापन झाले. दर शनिवारी मुले जमत आणि तापत चाललेल्या पृथ्वीविषयी बोलत. येणाऱ्याने आपली पाण्याची स्टीलची बाटली टेबलावर ठेवायची, असा तिथे रिवाज पडला होता. हळूहळू बोलणे मागे पडले आणि एकमेकांची तपासणी तेवढी उरली. कोणी जंगलांविषयी बोलू लागले की सौमित्र नावाचा हजरजबाबी मुलगा विचारी, "आणि आपल्या खोलीतला एसी कुठल्या जंगलात चालतो, महाराज?" सगळे हसत. बोलणारा खाली बसे.

तनुजा या सर्वांत मन लावून ऐकणारी. पण तिने तिथे कधी तोंड उघडले नव्हते. तिच्या वडिलांची वीटभट्टी होती. तिची फी त्या भट्टीतूनच येत होती, आणि हे इथे कळले तर काय होईल, याची तिला पुरती कल्पना होती. या शनिवारनंतर यायचेच नाही, असे तिने ठरवले होते.

त्या दिवशी एक वृद्ध प्राध्यापक व्याख्यानाला आले. त्यांचे घर विद्यापीठाच्या फाटकासमोरच होते, तरी ते रिक्षाने आले. खिडकीतून मुलांनी ते पाहिले. आत येऊन त्यांनी विकतची प्लॅस्टिकची बाटली स्टीलच्या बाटल्यांच्या मधोमध ठेवली आणि खुर्चीत बसले.

आधी कुजबुज झाली, मग हसू फुटले. "सर," सौमित्र म्हणाला, "ही बाटली आमच्या पणतवंडांच्या बैठकीलाही हजर असेल." मग एकेकाला कंठ फुटला. तनुजाला सरांची कीव आली. आज पकडले गेलो ते आपण नाही, म्हणून थोडे हायसेही वाटले, आणि त्याची तिला लाज वाटली.

हशा ओसरल्यावर सर म्हणाले, "मी मुद्दामच असा आलो. पाहा, एक गुन्हेगार मिळताच तुम्ही किती मोकळे झालात. इथे प्रत्येक जण धाकात बसतो, म्हणून दुसऱ्याला आधी पकडतो. चूक ती चूकच, माझीही. पण निर्दोष माणसानेच बोलायचे ठरवले, तर या खोलीत कोण बोलेल? धूर ज्याच्या दारात आहे, तोच इथे गप्प राहतो."

त्यांनी कुणाकडेही पाहिले नव्हते. तनुजा उठून उभी राहिली.

"आमची वीटभट्टी आहे," ती म्हणाली. "मी तिच्यावरच शिकते."

सौमित्रने तोंड उघडले. त्याची नजर त्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर गेली. मग त्याने हळूच विचारले, "अवकाळी पाऊस आला की कच्च्या विटांचं काय होतं गं?"

"चिखल," तनुजा म्हणाली. मग ती सांगत गेली. मार्चमधल्या पावसात ताडपत्री धरून उभे असलेले वडील, पायाशी विरघळणाऱ्या विटा. आभाळ आता वेळ पाळत नाही, असे ते म्हणाले होते. मग भट्टीच्या धुराकडे पाहत पुटपुटले होते, "त्यात आपलाही वाटा असेल, पोरी."

कुणी हसले नाही. एकीने विचारले, भट्टीचा धूर कमी करता येतो का? बैठक लांबत गेली.

पुढच्या शनिवारी तनुजा आली, तेव्हा टेबल रिकामे होते. बाटल्या ज्याच्या त्याच्या पिशवीत होत्या.