दोष कुणाचा निघाला

“मग खोटं कोण बोललं, बाबा? मी, की सूर्य?”

पूर्णा नदीच्या काठी नूरबाबा फकिरांची झोपडी होती. तिच्या दारात उभ्या उभ्याच विश्राम गावंडे विचारत होते. सूर्यावरचे डाग आणि पूर्णेच्या खोऱ्यातला पाऊस, यांच्या अभ्यासात त्यांची वीस वर्षं गेली होती.

बाबांनी बसायला घोंगडी पुढे सरकवली.

तीन वर्षांपूर्वी गावंड्यांनीच ग्रामसभेत ठासून सांगितलं होतं, “उन्हाळे तापतात ते सूर्यामुळे. माणसाच्या हातात काही नाही.” त्या दिवसापासून लोकांनी कामं सोडली; ओढ्यावरचा बांध अर्धाच राहिला. लावलेली रोपंही पाण्यावाचून वाळली.

“आता काय झालं?” बाबांनी विचारलं.

“नव्यानं गणित मांडलं. सूर्याचे डाग अकरा-अकरा वर्षांनी वाढतात, ओसरतात. उष्णता मात्र चढतीच आहे. रात्रीसुद्धा निवत नाहीत. हे सूर्याचं काम नाही, बाबा. आपण जाळलेल्या कोळशा-तेलाच्या वायूंचं पृथ्वीवर पांघरूण झालंय.”

“म्हणजे दोष आपला?”

“आपलाच.”

बाबा उठले. डब्यातली सगळी साखर त्यांनी गावंड्यांच्या रुमालात ओतली.

“जा. गावात वाट.”

“साखर? अहो, माझ्यामुळे गावाची तीन वर्षं वाया गेली...”

“वाट.”

गावंडे पारावर गेले. लोक जमले. त्यांनी साखरेचा रुमाल पुढे धरला.

“मी चुकलो. उन्हाळे तापतात ते सूर्यामुळे नाही, आपण जाळतो त्या कोळशा-तेलामुळे,” एवढंच ते कसंबसं म्हणाले.

कुणी हललं नाही. मग सरपंच द्रौपदाबाई पुढे आल्या. त्यांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली.

“शिकलेला माणूस चुकलो म्हणतो, हे आज पहिल्यांदा ऐकलं. उद्या सकाळी बांधावर या, भाऊ. फावडं आमचं.”

सकाळी चाळीस माणसं आली. पंधरवड्यात बांध पुरा झाला. डिझेलवरची पिठाची गिरणी सौर विजेवर चालवायचंही सभेत ठरलं. शेजारची दोन गावं बघायला येऊन गेली.

हाताला फोड आलेले गावंडे पुन्हा झोपडीत आले. या वेळी ते खाली बसले.

“बाबा, एक विचारू? दोष आपला निघाला, याचा तुम्हाला एवढा आनंद का झाला?”

बाबा हसले.

“बेटा, सूर्याला कोण समजावणार होतं?”